बारा गावचं पाणी : मॅट मिल्स नावाच्या सेंटर बॅकचं प्रकरण

21 नोव्हेंबर 2018. बालेवाडीत एफसी पुणे सिटी विरुद्ध जमशेदपूर. ऑक्टोबरमध्ये मोसम सुरू झाल्यापासून पुण्याने एकही सामना जिंकला नव्हता. मुंबईत हरलो, बेंगळुरूने घरी येऊन तीन गोल मारले, फातोर्ड्यात गोव्याने चार चढवले. तीन सामन्यांतच प्रशिक्षक मिगेल आंखेल पोर्तुगाल यांची गच्छंती झाली होती. त्या रात्रीही 1-1 अशी कोंडी होती. ऐंशी मिनिटं उलटून गेली, स्टँडमधली माणसं पार्किंगचा विचार करायला लागली, आणि तेवढ्यात पुण्याच्या सेंटर बॅकने, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणाऱ्या माणसाने, डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. 2-1. मोसमातला पहिला विजय.

तो सेंटर बॅक म्हणजे मॅट मिल्स. वय 32. शेजारच्या खुर्चीवरचे काका विचारत होते, "हा कोण रे? कुठून आणलाय?" उत्तर द्यायला बरीच बोटं लागली असती. साउदॅम्प्टन, कॉव्हेन्ट्री, बोर्नमथ, मँचेस्टर सिटी, कोलचेस्टर, डॉन्कास्टर, रेडिंग, लेस्टर, बोल्टन, नॉटिंगहॅम फॉरेस्ट, बार्न्सली. अकरा इंग्लिश क्लब झाले आणि बारावं पुणे. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस ही म्हण आपण सहज वापरतो, पण इथे ती शब्दशः खरी ठरत होती.

हे प्रकरण लिहायला घेतलं ते एका प्रश्नापायी. याच माणसासाठी 2011 मध्ये लेस्टर सिटीने सुमारे 50 लाख पौंड मोजले होते आणि वर कर्णधारपद दिलं होतं. तो सात वर्षांत बालेवाडीत कसा पोचला? सोपं उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं, की पडता काळ आला, खेळ उतरला. मला ते पटत नाही. त्याच्या बदल्या एकेक करून पाहिल्या तर बहुतेक ठिकाणी खेळाआधी दुसरंच काहीतरी बदललेलं दिसतं. खुर्चीवरचा मॅनेजर, क्लबची तिजोरी, नाहीतर लीग.

सुरुवात : चांगल्या शाळेतला मुलगा

जन्म 14 जुलै 1986, स्विन्डन. घडला साउदॅम्प्टनच्या अकादमीत, आणि त्या काळातली साउदॅम्प्टनची अकादमी म्हणजे थिओ वॉलकॉट, गॅरेथ बेल, ॲडम ललाना यांची शाळा. पहिल्या संघात जागा मिळेपर्यंत पोरांना खालच्या क्लबांकडे लोनवर पाठवायची तिकडे रीत आहे. मिल्सही कॉव्हेन्ट्रीला जाऊन आला, बोर्नमथला जाऊन आला. लोन म्हणजे पगारी उमेदवारी. नाव एका क्लबच्या वहीत आणि घाम दुसऱ्याच्या मैदानावर.

2005 मध्ये साउदॅम्प्टन प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सर्वात वरच्या पायरीवरून, खाली उतरला. वरून येणारा पैसा आटला की इंग्लिश क्लब सर्वात आधी अकादमीतलं पीक विकायला काढतो. जानेवारी 2006 मध्ये वॉलकॉट आर्सेनलला गेला. त्याच महिन्यात मिल्स मँचेस्टर सिटीला गेला, 7.5 लाख पौंडांना. वॉलकॉटच्या बातमीने पानं भरली, मिल्सची बातमी तिच्या सावलीत राहिली. बचावपटूच्या वाट्याला येणारी ही सावली पुढे आयुष्यभर त्याच्या मागे होती.

सिटीचे मॅनेजर होते स्टुअर्ट पिअर्स, स्वतः एकेकाळचा इंग्लंडचा खमक्या बचावपटू. पण बचावाच्या मधल्या दोन जागा रिचर्ड डन आणि सिल्व्हान डिस्टॅन यांनी घट्ट धरलेल्या होत्या, आणि मिल्सपेक्षा दोन वर्षांनी लहान असलेला मायका रिचर्ड्स सिटीच्याच अकादमीतून वर आला होता. मिल्सला प्रीमियर लीगचे सामने मिळाले मोजून एक-दोन. 2007 मध्ये मॅनेजर बदलले, स्वेन-योरान एरिक्सन आले. सिटीत असतानाच मिल्स लोनवर आधी कोलचेस्टर, मग डॉन्कास्टर असा फिरला. ऑगस्ट 2008 मध्ये सिटीने त्याला सुमारे 3 लाख पौंडांना डॉन्कास्टरला कायमचं विकलं.

1 सप्टेंबर 2008 रोजी अबू धाबीच्या पैशाने मँचेस्टर सिटी विकत घेतल्याची घोषणा झाली. काही दिवसांचंच अंतर. मिल्स थांबला असता तरी नव्या सिटीत त्याला जागा मिळाली असती असं नाही. पण तारखांचा हा योग त्याच्या कहाणीत इतक्यांदा येतो की नोंदवल्यावाचून राहवत नाही.

रेडिंग

माझ्या मते या सगळ्या प्रवासातला खरा मुक्काम रेडिंग. इथे जरा थांबतो.

डॉन्कास्टर 2008 मध्ये वेम्बलीवर लीड्सला 1-0 हरवून चॅम्पियनशिपमध्ये चढला होता. मिल्स त्या मोसमात तिथे लोनवर होता आणि नंतर कायमचा झाला. चॅम्पियनशिप म्हणजे इंग्लंडची दुसरी पायरी. 24 संघ, प्रत्येकी 46 सामने, शनिवार-मंगळवार-शनिवार असा रगाडा. सेंटर बॅक तिथेच तावून सुलाखून निघतो. ऑगस्ट 2009 मध्ये रेडिंगने 20 लाख पौंड देऊन त्याला नेलं. नेणारे मॅनेजर होते ब्रेंडन रॉजर्स. हे नाव लक्षात ठेवा. डिसेंबर उजाडला आणि रॉजर्स यांनाच क्लबने काढलं. त्यांच्या जागी आले ब्रायन मॅकडर्मट, आणि यावेळी मात्र नवा मॅनेजर मिल्सला मानवला. कर्णधारपदाचा पट्टा त्याच्या दंडावर आला.

1 मार्च 2011 रोजी एफए कपच्या (सगळ्या पायऱ्यांवरच्या इंग्लिश क्लबांची बाद स्पर्धा) पाचव्या फेरीत रेडिंग एव्हर्टनच्या गुडिसन पार्कवर गेला. एव्हर्टनने आधीच्या फेरीत चेल्सीला पेनल्टींवर बाहेर काढलं होतं. पहिल्या हाफमध्ये गोल झाला आणि तो मिल्सने मारला. 0-1. रेडिंगने ती आघाडी शेवटच्या शिट्टीपर्यंत राखली. डिस्टॅन, ज्याच्यामुळे सिटीत त्याला बाकावर बसावं लागलं होतं, तो तेव्हा एव्हर्टनच्याच संघात होता.

उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली मँचेस्टर सिटीशी, त्यांच्याच मैदानावर. सिटी 1-0 ने जिंकला. कॉर्नरवर डोक्याने गोल केला मायका रिचर्ड्सने. सिटीने पुढे तो कपही घेतला.

आणि मग 30 मे 2011. वेम्बली, प्लेऑफचा अंतिम सामना. चॅम्पियनशिपमधले पहिले दोन संघ थेट प्रीमियर लीगमध्ये जातात. तेव्हा तिसरा ते सहावा या चारांतून एकाला प्लेऑफ खेळून वर जाता येत होतं. एका सामन्यावर कोट्यवधी पौंड लागलेले असतात. रेडिंग पाचवा आला होता आणि उपांत्य फेरीत कार्डिफला त्यांच्या घरी 3-0 लोळवून वेम्बलीवर पोचला होता. समोर स्वान्सी. आणि स्वान्सीच्या बाकावर मॅनेजर कोण? ब्रेंडन रॉजर्स. मिल्सला रेडिंगला आणणारा माणूस आता मिल्सच्या रेडिंगला अडवायला उभा होता.

पहिल्या हाफमध्येच स्वान्सी 3-0 पुढे. स्कॉट सिंक्लेअरचे दोन, स्टीफन डॉबीचा एक. कुठलाही संघ तिथे मान टाकतो. हाफटाइमनंतर जो ॲलनकडून स्वयंगोल झाला, 3-1. 57व्या मिनिटाला कॉर्नर आला, मिल्स सगळ्यांच्या वर उठला आणि डोक्याने 3-2. पुढच्या काही मिनिटांत जेम कराचानचा फटका खांबावर आदळला. तो चेंडू चार बोटं आत असता तर 3-3 झाले असते, आणि त्या क्षणी स्वान्सीचे पाय थरथरत होते. तो आत गेला नाही. पुढे सिंक्लेअरने पेनल्टीवर तिसरा गोल मारला आणि 4-2 ने स्वान्सी वर गेला, प्रीमियर लीगमध्ये खेळणारा पहिला वेल्श क्लब म्हणून.

मी हा सामना अनेकदा पाहिला आहे, आणि दर वेळी मिल्सच्या गोलनंतरच्या क्षणांशी थबकतो. संघाला तीन गोलांच्या खड्ड्यातून बाहेर काढताना कर्णधाराने स्वतः डोकं घातलं होतं. प्रीमियर लीगच्या दारात पाऊल ठेवायला अर्धा तास उरला होता. त्या दाराच्या इतक्या जवळ तो पुन्हा कधीच आला नाही.

50 लाखांचा कर्णधार

त्याच उन्हाळ्यात लेस्टर सिटीने पैशांची थैली उघडली. मालक थायलंडचे, किंग पॉवर या ड्युटी-फ्री दुकानांच्या कंपनीचे. मॅनेजर पुन्हा एरिक्सन, म्हणजे ज्यांच्या काळात मिल्स सिटीतून लोनवर जात होता तेच. आता त्यांनीच त्याला सुमारे 50 लाख पौंडांना घेतलं आणि कर्णधार केलं. कॅस्पर श्मायकल, डेव्हिड न्यूजंट, जर्मेन बेकफर्ड, पॉल कोन्चेस्की, लेस्टरने सगळी फौजच उभी केली होती.

इथे सेंटर बॅकच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्ट्रायकर क्लब बदलतो तेव्हा त्याच्या गोलांचा आकडा त्याच्याबरोबर जातो. वीस गोल म्हणजे वीस गोल, कुठेही मोजा. सेंटर बॅकचं काम जोडीचं असतं. शेजाऱ्याने पुढे झेप घेतली तर आपण मागे राहायचं, फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, वर गेला तर त्याची जागा झाकायची, गोलकीपर बाहेर येतो की रेषेवर थांबतो हे त्याच्या आवाजावरून ओळखायचं. कोण किती मागे-पुढे उभं आहे हे न बघता कळायला लागतं, पण त्यासाठी चाळीस-पन्नास सामने एकत्र घालावे लागतात. क्लब बदलला की ही सगळी पुंजी जुन्या गावी राहते. नव्या गावी शून्यापासून सुरुवात, आणि पहिल्या दोन चुका मात्र नव्या किमतीने मोजल्या जातात. वीस लाखांच्या बचावपटूची चूक ही चूक असते. पन्नास लाखांच्या बचावपटूची चूक ही बातमी होते.

लेस्टरमध्ये नेमकं हेच झालं. एका उन्हाळ्यात जमवलेला अख्खा संघ जुळायला वेळ मागत होता. ऑक्टोबरमध्ये मिलवॉलने घरी 3-0 हरवलं आणि 24 ऑक्टोबर 2011 रोजी एरिक्सन यांना निरोप दिला गेला. नोव्हेंबरमध्ये नायजेल पिअरसन परत आले. जानेवारीत त्यांनी नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून आपल्या पसंतीचा सेंटर बॅक आणला, वेस मॉर्गन. किंमत मिल्सच्या किमतीच्या जवळही नव्हती. पहिल्याच मोसमाअखेर मिल्सचा मुक्काम संपला, तो बोल्टनला गेला.

मॉर्गन पुढे लेस्टरचा कर्णधार झाला आणि 2016 मध्ये त्याने प्रीमियर लीगची ट्रॉफी उचलली.

ही तुलना करताना जीभ आवरावी लागते. मॉर्गन मोठा खेळाडू होता यात शंकाच नाही. पण 2012 च्या जानेवारीत तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, दहा वर्षं एकाच क्लबात काढलेला, चॅम्पियनशिपचाच सेंटर बॅक होता. त्याला निवडणारा मॅनेजर पुढची साडेतीन वर्षं खुर्चीवर राहिला. मिल्सला निवडणारा तीन महिन्यांत गेला. बाकीचा फरक खेळाचा असेल, पण हा फरक खुर्चीचा आहे, आणि माझ्या लेखी या प्रकरणाची नाडी इथेच सापडते.

आणि रेडिंग? मिल्स गेल्यावर त्यांनी कॅस्पर्स गोर्क्श्स याला आणलं, ॲलेक्स पिअर्सच्या जोडीला उभं केलं आणि 2011-12 मध्ये चॅम्पियनशिप जिंकून थेट प्रीमियर लीगमध्ये गेले. मिल्सने जे दार वेम्बलीवर ठोठावलं ते बारा महिन्यांनी उघडलं, तेव्हा तो दुसऱ्या गावी होता.

उतार म्हणावा का?

बोल्टन 2012 मध्येच प्रीमियर लीगमधून खाली आला होता. साउदॅम्प्टनसारखीच गत, पैसा आटत चाललेला, कर्ज वाढत चाललेलं. पहिल्या मोसमाच्या शेवटच्या दिवशी बोल्टनला प्लेऑफसाठी ब्लॅकपूलला हरवणं पुरेसं होतं. 2-2 बरोबरी झाली. 68 गुण. सहाव्या जागेवर 68 गुणांवरच दुसरा संघ आला, केवळ गोलफरकाने. तो संघ लेस्टर. जुन्या क्लबने नव्या क्लबला गोलफरकाने मागे सारलं, हे रचून सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

बोल्टनमध्ये तो तीन मोसम राहिला. मॅनेजर ओवेन कॉयल गेले, डगी फ्रीडमन आले, फ्रीडमन गेले, नील लेनन आले. 2015 मध्ये करार संपला. फ्रीडमन तोवर नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये होते. आर्थिक नियम मोडल्यामुळे फॉरेस्टवर खेळाडू विकत घ्यायला बंदी होती, फक्त फुकट मिळणारे घेता येत होते. मिल्स फुकट उपलब्ध होता आणि मॅनेजर ओळखीचा होता. वेस मॉर्गन जिथून लेस्टरला गेला, त्याच क्लबात मिल्स आला, पण हा योग इथेच सोडतो.

फॉरेस्टमध्ये मॅनेजर किती बदलले ते मोजत बसण्यात अर्थ नाही. 2016-17 च्या अखेरच्या दिवशी इप्सविचला 3-0 हरवून क्लब गोलफरकावर कसाबसा तगला. 2018 मध्ये मिल्स बार्न्सलीला गेला, आणि बार्न्सली त्याच मे महिन्यात चॅम्पियनशिपमधून खाली उतरला.

आता पाहा, 2008 ते 2018. दहा वर्षं हा माणूस इंग्लंडच्या दुसऱ्या पायरीवर टिकला. त्या पायरीवर दरवर्षी तीन संघ खालून येतात, तीन वरून आपटतात, अकादम्यांतून शेकड्यांनी पोरं येतात आणि बहुतेक दोन-तीन वर्षांत नाहीशी होतात. तिथे सहा वेगवेगळ्या क्लबांना दहा वर्षांत असं वाटणं की हा माणूस आपल्या बचावाच्या मधोमध हवा, याला मी उतार म्हणणार नाही. फिरस्ता खेळाडू हा शब्द आपण जरा खालच्या पट्टीत उच्चारतो. मला त्यात कसब दिसतं. नवं गाव, नवी जोडी, नवा मॅनेजर, आणि शनिवारी पुन्हा पहिल्या अकरात.

त्याच्या खेळात उणं नव्हतं असं नाही. त्याचा सगळा भरवसा हवेतल्या चेंडूवर, अंगाच्या ताकदीवर आणि जागेच्या अंदाजावर. मागे मोकळी जागा सोडून त्याला पळायला लावलं की तो अडचणीत यायचा, आणि चॅम्पियनशिपचा खेळ त्या दशकात वेगवान होत गेला. मॅनेजर बदलला की नवा माणूस बचाव वर सरकवायचा की मागे बसवायचा हे ठरवणार, आणि त्यावर मिल्सची जागा ठरणार. त्याच्या बदल्यांमागे हेही एक कारण मी धरतो.

बालेवाडी

पुण्यात तो आला तेव्हा आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, दहा संघ होते आणि मैदानावर एका वेळी पाचच परदेशी खेळाडू चालायचे. हे पाच बहुतेक क्लब पुढच्या फळीत खर्च करतात, कारण तिकीट गोलांवर खपतं. पुण्याकडे मार्सेलिनो आणि एमिलियानो अल्फारो होते. आदल्या मोसमात रांको पोपोविच यांच्या हाताखाली पुणे उपांत्य फेरीत गेलं होतं आणि सुनील छेत्रीच्या हॅट्ट्रिकने बेंगळुरूत हरलं होतं. बचाव पक्का करायला कसलेला माणूस हवा होता, म्हणून मिल्स.

मैदानाजवळ बसून पाहिलं की त्याची एक लकब दिसायची. चेंडू पुढे फेकला गेला की तो लगेच उजवा हात वर करून चार-पाच पावलं पुढे पळायचा आणि ओरडायचा. अख्ख्या रांगेने एकदम बाहेर निघायचं, म्हणजे समोरचे स्ट्रायकर रांगेच्या मागे राहून ऑफसाइडमध्ये सापडतात. इंग्लंडमध्ये हा हात वर झाला की चौघे एका दोरीने बांधल्यासारखे निघतात. इथे तो निघायचा, दुसरा अर्धं पाऊल मागून, तिसरा अजून मागे बघत असायचा. त्या अर्ध्या पावलात समोरचा माणूस ऑनसाइड. आमच्या पोरांत कमतरता होती असं मी म्हणणार नाही. त्यांना एकत्र येऊन महिनेच झाले होते, त्यात प्रशिक्षक बदललेला, आणि भाषा स्पॅनिश, इंग्रजी, हिंदीची खिचडी. लेस्टरमध्ये 50 लाखांच्या कर्णधाराचं जे झालं तेच बालेवाडीत होत होतं, फक्त छोट्या प्रमाणात. जोडी जमायला लागणारा वेळ कुणी द्यायला तयार नव्हतं.

डिसेंबरमध्ये क्लबने फिल ब्राउन यांना आणलं, हल सिटीला 2008 मध्ये प्रीमियर लीगमध्ये नेणारे. ते स्वतः एकेकाळचे बोल्टनचे बचावपटू. पुणे त्या मोसमात सातवं आलं. मिल्सचा मुक्काम एका मोसमापुरताच ठरला.

त्यानंतर जे झालं ते लिहिताना आजही हात जड होतो. 2019 मध्ये एफसी पुणे सिटी बंद झालं आणि त्या जागी हैदराबादचा क्लब उभा राहिला. याआधी पुणे एफसी गेलं होतं, भारत एफसी एका मोसमात गेलं होतं, डीएसके शिवाजियन्स गेलं होतं. इंग्लंडमध्ये मिल्स एकेक क्लब सोडून गेला, पण ते सगळे क्लब त्याच नावाने, आपापल्या गावात आजही खेळतात. बोल्टनही बुडता बुडता वाचला, कारण गावाने सोडला नाही. त्याच्या तेरा क्लबांच्या यादीत (तेरावा लगेच पुढे येतो) एकच क्लब आता अस्तित्वात नाही, आणि तो आपला आहे. बारा गावचं पाणी प्यायलेल्या माणसाच्या मागे आटलेली विहीर एकच, ती पुण्याची.

तेरावा क्लब फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स. ग्लॉस्टरशरमधल्या नेल्सवर्थ या छोट्या गावचा, तेव्हा चौथ्या पायरीवर असलेला, जिथे खेळाडूंना आणि प्रेक्षकांनाही फक्त वनस्पतीजन्य जेवण मिळतं. मिल्स तिथे 2019 मध्ये गेला. तिथे त्याचा धाकटा भाऊ जोसेफ आधीपासून खेळत होता, तोही बचावपटू, तोही साउदॅम्प्टनच्या अकादमीतला, तोही गावोगाव फिरलेला. 2011 मध्ये मोठा रेडिंग सोडून गेला आणि त्याच उन्हाळ्यात धाकटा रेडिंगला आला, असं त्यांचं चुकामुकीचं गणित. आता दोघे एकाच ड्रेसिंग रूममध्ये होते, आणि जिथे जन्मले ते स्विन्डन तिथून चाळीसेक किलोमीटरवर. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे तो मोसम मध्येच थांबला.